बाळाच्या जन्माची नोंद : आई-वडिलांची पहिली साक्ष



घरात बाळ जन्माला आले की पहिल्या आठवड्यात दोन कागद पुढे येतात. एक कोरा असतो. पाचव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून त्याच्याजवळ हा कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवी येते आणि बाळाचे नशीब त्यावर लिहून जाते, अशी समजूत आहे. दुसरा कागद छापील असतो. जन्मतारीख, लिंग, जन्माचे ठिकाण, आईचे नाव, वडिलांचे नाव, धर्म, शिक्षण, व्यवसाय असे त्यात रकाने असतात. पहिल्या कागदावर सकाळी एक अक्षरही उमटलेले नसते, तरी तो ठेवायला घरातले कोणी विसरत नाही. दुसऱ्या कागदावर लिहिलेले अक्षर त्या जीवाला जन्मभर पुरते. तो मात्र आपण घाईघाईत, ज्याच्या हाती पेन असेल त्याच्याकडून भरून घेतो.

या दुसऱ्या कागदाविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे. हे तर सरकारी काम, त्यात धम्माचा काय संबंध, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. माझ्याच घरात जे घडले त्यामुळे मला त्याचा विचार करणे भाग पडले.

मी वसई तालुक्यात शाळेत शिकवते. माहेरच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. सासरचे लोक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, आता नालासोपाऱ्यात राहतात. घरात भगवान बुद्धांची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे, बुद्धपौर्णिमेला खीर होते, रविवारी विहारात वंदनेला जातो. अशा घरात माझी मुलगी जन्मली. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या परिचारिकेने माहितीचा कागद आणून दिला. माझ्या पतींनी तो भरला आणि एकदा पाहून घे म्हणून माझ्या हाती दिला. धर्माच्या रकान्यात त्यांनी ‘हिंदू’ असे लिहिले होते.

“अहो, हे काय लिहिलंत?” मी विचारले.

“असू दे. उद्या जातीच्या दाखल्याला अडचण नको. बाबांनीही तसंच सांगितलंय.”

माझ्या सासऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. १९८० च्या सुमारास ते केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करीत होते. त्या काळात बौद्ध म्हटले की केंद्राची सवलत गेली. तेव्हापासून कागदावर जुना धर्म आणि घरात नवा, असा त्यांनी मार्ग काढला. तीच सवय मुलाला लागली आणि आता ती नातीपर्यंत येऊन पोचली होती.

आम्ही घरी आलो. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाहते तो सासूबाईंनी पाटा धुऊन ठेवलेला, आणि त्याच्याजवळ वहीतून फाडलेला एक कोरा कागद.

“आई, हा कागद कशाला?”

“अगं, एक रात्र ठेवला म्हणून काय बिघडतं? उगाच पोरीच्या नशिबाशी खेळ नको.”

त्या संध्याकाळी मला एक गोष्ट दिसली. माझे पती पदवीधर आहेत, सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. परंतु दोघांचे वाक्य एकच होते : काय बिघडतं, उगाच धोका नको. एकाला कचेरीतल्या टेबलाचे भय, दुसरीला सटवीचे. दोघांच्याही मनात बाळाविषयी मायाच होती, यात शंका नाही. पण त्या मायेला भयाने हात धरून चालविले होते. ज्या धम्माने आपल्याला निर्भय होण्यास शिकविले, त्याच्या घरात बाळाचे स्वागत दोन भयांनी करावे काय? हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम हा छापील कागद काय आहे ते नीट समजून घेऊ. जन्म आणि मृत्यू यांची नोंद करण्यासाठी आपल्या देशात १९६९ साली कायदा झाला. बाळाचा जन्म झाल्यापासून २१ दिवसांच्या आत त्याची खबर द्यावी लागते. जन्म रुग्णालयात झाला तर खबर देण्याची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रमुखाची. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. नोंद जन्म जिथे झाला तिथेच होते. आपल्या अनेक मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात. बाळ माहेरच्या गावी जन्मले तर नोंद त्याच गावच्या ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत होईल. नालासोपाऱ्याला परत आल्यावर इथे करू, असे म्हणून चालणार नाही. जुनी नोंद शोधताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. त्यापूर्वी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती होत्या. त्या वेळी जन्मलेल्यांची नोंद मुळात ज्या त्या ठिकाणी झालेली आहे.

नाव ठरले नाही म्हणून नोंद थांबविण्याचे कारण नाही. नावाशिवायही जन्माची नोंद होते. नाव पुढे १२ महिन्यांच्या आत कोणतेही शुल्क न भरता घालता येते आणि त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. म्हणजे पंचांगातून अक्षर निघेपर्यंत थांबण्याचे जसे कारण नाही, तसेच नामविधीला भन्तेजी येईपर्यंतही थांबण्याचे कारण नाही. नामविधी सवडीने करा. नोंद वेळेवर करा.

उशीर झाला तर काय होते? ३० दिवसांनंतर परवानगी आणि स्वसाक्षांकित दस्तऐवज लागतो; २०२३ च्या दुरुस्तीपूर्वी प्रतिज्ञापत्र लागे. वर्ष उलटले की पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. २०२५ मध्ये महाराष्ट्रात अशा उशिराच्या नोंदींची तपासणी अधिक कडक झाली. २१ दिवसांत जे काम एका फेरीत होते, त्यासाठी पुढे तहसिलीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि रोजंदारी बुडते ती वेगळीच. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून हा जन्मदाखलाच धरला जातो.

हा झाला व्यवहार. परंतु नोंदवहीचे महत्त्व केवळ व्यवहाराचे नाही. आपल्या समाजाचा आणि नोंदवहीचा संबंध जुना आहे आणि तो सुखाचा नाही.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गावात वतनदार महार होते. कोणी मेले की त्याची वार्ता परगावच्या सोयऱ्यांना पोचविण्याचे काम त्यांचे. ऊन असो, पाऊस असो, निरोप घेऊन जावयाचे. दुसऱ्यांच्या घरच्या वार्ता पायी पोचविणाऱ्या या माणसांच्या स्वतःच्या जन्माची तारीख किती जणांना ठाऊक होती? गावाच्या जन्ममृत्यूच्या बुकात, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, काहींची नोंद झाली. ती नावापुढे जात लिहून झाली. काहींची झालीच नाही. माझ्या आजीला जन्मदिवस विचारला तर ती म्हणे, “भात कापणीचे दिवस होते, आणि त्या साली पूर आला होता.” एवढीच तिची जन्मनोंद.

पुढची पिढी शाळेत गेली तेव्हा तारीख सांगण्यास घरात कोणी नव्हते. मग गुरुजींनी १ जून लिहून घेतला. आमच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडले की १ जून, १ जून, १ जून अशा ओळीच्या ओळी दिसतात. जणू एक संपूर्ण समाज एकाच दिवशी जन्मला! माझ्या वडिलांचा जन्मदिवसही कागदोपत्री १ जून आहे. ते हसून सांगतात, “शाळा सुरू व्हायची तारीख, तोच माझा वाढदिवस.” हसण्यामागे काय आहे ते आपण जाणता. ज्याच्या जन्माची तारीखही कोणाला लिहून ठेवावीशी वाटली नाही, त्याचे जगणे कोणी मोजले असेल?

आमच्या वसईत शेजारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. बाळाचा बाप्तिस्मा झाला की चर्चच्या नोंदवहीत बाळाचे नाव लिहिले जाते. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मसभेने प्रत्येक धर्मगुरूने अशी वही ठेवावी असा नियम केला, तेव्हापासूनची ही पद्धत. त्यामुळे त्यांच्यातली साधी शेतकरी कुटुंबेही पणजोबांचे नाव आणि तारीख शोधू शकतात. त्यांचा हेवा करावा असे मी म्हणत नाही. लिहून ठेवण्याची सवय समाजाला किती आधार देते, एवढेच सांगावयाचे आहे.

आणि आपल्याकडेही एका ओळीने काय घडू शकते, याचे उदाहरण आहेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, जी आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, एका मुलाचे नाव दाखल झाले. नोंद क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. शाळेत त्या मुलाला वेगळे बसविले गेले. परंतु रजिस्टरात त्याची ओळ इतर मुलांच्या ओळींमध्येच लिहावी लागली. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका बापाने मुलाला शाळेत नेले आणि त्याचे नाव लिहविले, यात जी शक्ती होती ती सटवीच्या कोऱ्या कागदात कुठून येणार?

आता कोणी विचारील, बाळाच्या जन्माच्या वेळी काहीतरी मंगल करावे असे वाटणे हा गुन्हा आहे काय? मुळीच नाही. मंगल कशाला म्हणावे एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच मातीत सापडले आहे. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला. त्याच साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उत्खननात उघडा केला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ साली मिळाला. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेच हे वर्ष!

या नवव्या लेखाचा विषय मंगल हाच आहे. त्याचा आशय असा : आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे विधी करतात, स्त्रिया तर विशेषच करतात, त्या विधींचे फळ थोडे. मोठे फळ देणारे मंगल म्हणजे धम्माचे आचरण : दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे, प्राण्यांशी संयमाने वागणे, दान करणे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सोपारा बंदरात ये-जा करणाऱ्यांना दगडावर कोरून हे सांगितले गेले होते.

एक स्त्री म्हणून या लेखात मला एक भर घालावीशी वाटते. स्त्रिया असे विधी अधिक करतात हे खरे असेल. पण का करतात? बाळाचे आजारपण, बाळाचा मृत्यू हे सर्व त्यांच्या मांडीवर घडत आले. अंगणवाडी नव्हती, लसी नव्हत्या, दवाखाना कोसभर दूर. हातात काहीच नसेल तेव्हा माणूस कोरा कागद ठेवतो. म्हणून सासूबाईंना हसण्याचा अधिकार मला नाही. आणि पुरुषांनी तर मुळीच हसू नये; छापील कागद त्यांच्या हाती होता आणि त्यांनी तो कसा भरला ते मी वर सांगितलेच आहे.

आता त्या रकान्याकडे वळू. प्रश्न स्पष्ट विचारते. आपण बौद्ध आहोत आणि बाळाच्या कागदावर ‘हिंदू’ लिहितो. बावीस प्रतिज्ञा घेताना आपण खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा घेतली. पंचशीलात रोज तेच म्हणतो. मग बाळाच्या आयुष्यातील पहिल्याच कागदावर आपण काय केले?

यावर पहिले उत्तर येते ते सवलतींचे. ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही, कारण गरिबाच्या घरात शिष्यवृत्ती आणि नोकरी या चैनीच्या वस्तू नव्हेत. म्हणून वस्तुस्थिती पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा लाभ फक्त हिंदूंपुरता ठेवला होता. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती १९६० पासूनच नवबौद्धांना दिल्या होत्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र ३४ वर्षे थांबावे लागले. माझ्या सासऱ्यांची भीती त्या काळातली आणि त्या काळापुरती खरी होती. १९९० नंतर ती खरी राहिलेली नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना बौद्ध म्हणूनच जातीचा दाखला मिळतो. हा दाखला आणि त्याची पडताळणी कशावर होते? वडिलांच्या, आजोबांच्या जुन्या कागदांवर. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा पाहिला जातो. आज जन्मलेल्या बाळाच्या जन्मनोंदीत आई-वडिलांनी कोणता धर्म लिहिला, यावर तो अवलंबून नाही. इतकेच काय, धर्माचा रकाना हा त्या फॉर्मच्या सांख्यिकी भागात असतो. हाती मिळणाऱ्या जन्मदाखल्यावर तो छापलाही जात नाही.

म्हणजे ज्या भयाने आपण खोटे लिहितो, त्या भयाला आज आधारच उरलेला नाही. आता आपल्या आजी-आजोबांनी काय केले ते पाहा. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. प्रगणक दारात आला तेव्हा या लाखो माणसांनी ‘बौद्ध’ असे सांगितले. त्यांच्यातले किती जण निरक्षर होते! केंद्राच्या सवलती जाणार हे ठाऊक असताना, गावात बहिष्काराची धमकी असताना त्यांनी खरे सांगितले. त्यांनी किंमत मोजून खरे सांगितले, आणि आपण शिकलेसवरलेले लोक काहीही किंमत पडत नसताना खोटे लिहितो. याला काय म्हणावे, ते आपणच ठरवा.

कोणी म्हणेल, दाखल्यावर छापलेच जात नाही तर खरे लिहिले काय आणि खोटे लिहिले काय, कोण पाहते? माझ्या मते खरेपणाची परीक्षा इथेच होते. जिथे पकडले जाण्याची भीती आहे तिथे कोणीही खरे बोलेल. शिवाय एक खोटे तिथेच थांबत नाही, हे मी शाळेत दरवर्षी जून महिन्यात पाहते. जन्माच्या कागदावर ‘हिंदू’ लिहिले म्हणून पालक पहिलीच्या प्रवेशअर्जातही तेच लिहितात, ‘दोन कागदांत फरक नको’ म्हणून. तिथून ते जनरल रजिस्टरात जाते, रजिस्टरातून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. पंधरा वर्षांनी मुलगा विचारतो, “आपण बौद्ध ना? मग इथे असं का?” आणि बापाला खाली पाहावे लागते.

भगवान बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, जो उपदेश केला तो इथे आठवतो. भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवून त्यांनी राहुलाला दाखविले आणि सांगितले की जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण एवढेच उरते. थट्टेतही खोटे बोलू नये, असे त्यांनी त्याला शिकविले. असत्याविषयीचा हा राहुलोपदेश भिक्षूंनी आणि उपासकांनी नेहमी ऐकावा, असे अशोकाने बैराट येथील लेखात मुद्दाम कोरून ठेवले. बापाने लेकराला द्यावयाची पहिली शिकवण कोणती, हे त्यावरून कळते.

दुसरा आक्षेप मात्र अधिक विचार करण्यासारखा आहे. माझ्या एका सहकारी शिक्षकाने तो मला विचारला. तो म्हणाला, “बाई, तुमचा धम्म ‘या आणि पाहा’ असे सांगतो. कालामांना बुद्धांनी सांगितले की परंपरेने आले म्हणून मानू नका. मग तीन दिवसांच्या मुलीच्या कपाळावर तुम्ही ‘बौद्ध’ असा शिक्का का मारता? जातीसारखाच धर्मही जन्माने ठरविता की काय?”

या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ होते. जात जन्माला चिकटते म्हणून तर आपण तिच्याविरुद्ध उभे राहिलो. धम्मही तसाच चिकटवायचा काय? मग मी तो फॉर्म पुन्हा वाचला आणि उत्तर त्यातच मिळाले. त्यात बाळाचा धर्म कोणी विचारलेलाच नाही! पूर्वी ‘कुटुंबाचा धर्म’ असा रकाना असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर केंद्राने तयार केलेल्या आदर्श नियमांत वडिलांचा धर्म आणि आईचा धर्म असे दोन वेगवेगळे रकाने केले आहेत. प्रश्न बाळाला नाही, आपल्याला आहे. तुम्ही कोण आहात? एवढेच तो कागद विचारतो. मुलगी मोठी होईल, धम्म पाहील, पारखील, स्वीकारील किंवा न स्वीकारील. तो तिचा अधिकार आहे. परंतु तिने पारखावे असे वाटत असेल तर तिचे आई-वडील कोण होते, काय मानत होते, हे तिला खरे कळले पाहिजे. खोट्या पायावर उभे राहून कोणाला स्वतंत्र निर्णय घेता येत नाही. आपण लिहितो ती आपली साक्ष आहे. तिच्यावर मारलेला शिक्का नव्हे.

आपल्यापैकी ज्यांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे त्यांना हे विशेष सांगावेसे वाटते. १९५६ च्या कुटुंबांना जुनी सवय आहे, तुम्हाला नवी सुरुवात करता येते. पती-पत्नींपैकी एकानेच दीक्षा घेतली असेल तर दोघांचे जे खरे असेल ते लिहा. पत्नीच्या वतीने पतीने आणि पतीच्या वतीने घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवू नये. आईचे नाव पूर्ण आणि शुद्ध लिहा. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असावा. बाळंतपण जिचे, तिचे नाव इतकी वर्षे कागदावर दुय्यम होते. आता ते बाळाच्या नावाला लागून आले. ते चुकीचे लिहिले गेले तर दुरुस्तीसाठी किती खेटे पडतात, ते मी शाळेत रोज पाहते. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक अक्षर स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

आणि केवळ आपल्याच बाळाची नोंद करून थांबू नका. पालघर जिल्ह्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कुटुंबे येतात आणि पावसाळ्यापूर्वी परत जातात. भट्टीवरच बाळ जन्मते. खबर कोणी द्यावी, कुठे द्यावी, हे त्या आईबापांना कोणी सांगत नाही. पुढे ही मुले आमच्या शाळेत येतात. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे, आणि आम्ही नाकारीत नाही. परंतु शाळेच्या दारात ते निभावले तरी पुढच्या प्रत्येक दारात अडते. २०२४ साली युनिसेफने सांगितले की जगात पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंदच झालेली नाही. ज्यांच्या आजोबांना १ जून हा जन्मदिवस मिळाला, त्यांनी दुसऱ्याच्या लेकराला तरी तो मिळू देऊ नये. आपल्या विहारातील दोन तरुणांनी महिन्यातून एक दिवस भट्ट्यांवर आणि पाड्यांवर जाऊन विचारले, ‘कोणाकडे बाळ जन्मले? नोंद झाली का?’, तर ते अशोकाने सांगितलेले मंगलच होईल.

आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगून संपविते. रुग्णालयात आम्ही दोघे त्या कागदासमोर बराच वेळ बसलो. १९९० चा बदल मी पतींना सांगितला. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बाबांना मी सांगेन.” त्यांनी परिचारिकेकडे दुसरा कागद मागितला आणि स्वतःच्या हाताने ‘बौद्ध’ असे लिहिले. सासरे दोन दिवस नाराज होते. नंतर त्यांनी एवढेच विचारले, “दाखला नक्की मिळेल ना?” मी हो म्हणाले. त्यांची चिंता खरी आहे आणि तिला उत्तर देत राहणे हे आमचे काम आहे.

पाचवीच्या रात्री सासूबाईंचा कागद मी उचलला नाही. त्यांच्याच समोर बसून त्यावर मुलीची जन्मतारीख, वेळ, वजन, आईचे नाव, वडिलांचे नाव, दोन्ही आज्यांची आणि आजोबांची नावे लिहिली आणि त्यांना वाचून दाखविली. स्वतःचे नाव ऐकून त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले. मग म्हणाल्या, “माझं असं कुणी लिहून ठेवलं असतं, तर मला माझं वय तरी कळलं असतं.” पाटा त्यांनी स्वतःच जागेवर नेऊन ठेवला.

बंधुभगिनींनो, बाळाचे नशीब कोणी रात्री येऊन लिहीत नाही. ते शिक्षणाने, आरोग्याने, न्यायाने आणि त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाने घडते. आपल्या हाती सुरुवातीची एक ओळ असते. २१ दिवसांच्या आत ती लिहा, आणि खरी लिहा.

जयभीम.